चड्डी खराब करणारे मूल हट्टी नसते

दुसरी-तिसरीतले मूल. अभ्यासात बरे, खेळण्यात पुढे. पण शाळेतून घरी आले की चड्डीला शी लागलेली. आईने विचारले तर म्हणते, "मला कळलंच नाही." आई दोन धपाटे देते, बाप कामावरून थकून आला की आणखी दोन. मूल आळशी, हट्टी, खोटारडे ठरते. ही गोष्ट कोणी चारचौघांत बोलत नाही. म्हणून डहाणू-तलासरीकडच्या आपल्या माता-पित्यांसाठी आम्ही ती येथे उघडपणे लिहीत आहोत.

पहिले सांगणे हे की, मूल खरे बोलते आहे. त्याला खरोखरच कळलेले नसते.

चार वर्षांनंतरही असे वारंवार होत राहिले तर डॉक्टर त्याला 'एन्कोप्रेसिस' म्हणतात. नाव अवघड, पण कारण बहुतेक वेळा एकच, जुना मलावरोध. एकदा शी कडक होते, करताना दुखते. मूल घाबरते आणि पुढच्या वेळी रोखून धरते. रोखलेल्या शीतले पाणी आतडे शोषून घेते, तिचा खडा बनतो. महिनोन् महिने साठा राहिला की आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल पडतो. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. फार फुगवलेला फुगा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. आतड्याचे तसे नाही, ते पूर्ववत होते, पण वेळ लागतो. तोवर 'शी आली' ही जाणीवच मंदावते आणि खड्याच्या कडेने पातळ शी नकळत झिरपते. आईला वाटते हगवण लागली. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणली जाते आणि दुखणे वाढते.

मूल रोखून का धरते? आधी शाळेचा संडास पाहून यावा. पाणी नाही, कडी तुटलेली, नाहीतर कुलूप. असे असेल तर सकाळी घर सोडलेले लेकरू संध्याकाळपर्यंत दाबून बसते. मुली तर जास्तच. आश्रमशाळेत राहणाऱ्या आपल्या आदिवासी शेजाऱ्यांच्या मुलांना सकाळी रांग लावावी लागत असेल, तर मागच्याची घाई पुढच्याला निवांत बसू देत नाही. त्यात पाणी कमी पिणे आणि डब्याऐवजी बिस्किट-कुरकुरे.

'घाणेरडा' हा शब्द आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ ऐकला आहे. आपल्या लेकराला तो घरातच ऐकावा लागू नये. मारल्याने तर मूल आणखी रोखते, खराब चड्डी पत्र्यामागे लपवते.

उपाय आहे, पण तो चार दिवसांचा नाही. आधी साठलेला खडा औषधाने मोकळा करावा लागतो, मग शी मऊ ठेवणारे औषध (लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल) कित्येक महिने चालते. डहाणू आणि कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात मुलाला दाखवावे. बरे वाटले म्हणून मनाने औषध बंद करू नये. बहुतेक मुले येथेच पुन्हा अडकतात. घरी साबणाची कांडी घालणे, एरंडेल पाजणे नको.

जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत आतडे आपोआप हालचाल करते. तेव्हा पाच-दहा मिनिटे मुलाला संडासात बसवावे, शी झाली नाही तरी रागावू नये. उकिडवे बसणे उत्तम; कमोड असेल तर पायाखाली पाट द्यावा. नागलीची भाकरी, चवळी, पालेभाजी, पपई आणि आपल्याकडचा चिकू, यांसाठी वेगळा खर्च नको. चहा-खारी कमी करावी, पाणी वाढवावे.

जन्मापासून मलावरोध, पोट फुगणे, उलट्या, वजन न वाढणे, शीत रक्त, पायात अशक्तपणा, यांपैकी काही असेल तर थांबू नये. नीट चाललेले मूल एकाएकी असे करू लागले तर जवळ घेऊन हळूच विचारावे, कोणी त्रास देते आहे का, कशाची भीती वाटते का.

शाळेत बाईंना एकांतात भेटावे. मूल बोट वर करील तेव्हा लगेच सोडावे आणि दप्तरात एक जादा चड्डी राहू द्यावी, एवढीच विनंती करावी. वर्गासमोर हिणवणे हा मानसिक छळ आहे आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने त्यास मनाई आहे. मुला-मुलींसाठी वेगळे संडास त्याच कायद्यात आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांतल्या बाईमाणसांना गाठावे. पुढच्या सभेत पहिला प्रश्न नळाचा विचारावा आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते तेही.