आठ वेळा हरलेला संघ: सस्कॅचवन रफरायडर्सची सुरुवातीची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना नावं आणि आकडे निसटतात अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, म्हणून बोललेलंच थोडं नीट करून इथे देतोय.

कॅनडात सस्कॅचवन नावाचा एक प्रांत आहे. सपाट जमीन, मैलोन् मैल गहू, आणि हिवाळ्यात उणे तीसच्या खाली जाणारं तापमान. तिथे रिजायना शहरात फुटबॉलची मॅच असली की काही प्रेक्षक कलिंगड अर्धं कापतात, आतला गर काढतात आणि ते हेल्मेटसारखं डोक्यावर घालून स्टेडियममध्ये येतात. कारण त्यांच्या संघाचा रंग हिरवा. संघाचं नाव सस्कॅचवन रफरायडर्स. आता वाटेल की एवढं प्रेम आहे म्हणजे संघ सारखा जिंकत असणार. तर नाही! या संघाला राष्ट्रीय विजेतेपदाचा कप पहिल्यांदा मिळाला तो स्थापनेनंतर छप्पन्न वर्षांनी. त्याआधी ते आठ वेळा अंतिम सामना खेळले आणि आठही वेळा हरले. मला प्रश्न पडतो तो हा: इतकं हरूनही क्लब बंद का पडला नाही?

आधी खेळ समजून घेऊ

इथे फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. हा रग्बीतून निघालेला खेळ, लांबट चेंडूचा. अमेरिकन फुटबॉलचा सख्खा भाऊ म्हणा, पण नियम वेगळे. कॅनडात एका बाजूला बारा खेळाडू, अमेरिकेत अकरा. कॅनडातलं मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, म्हणजे अमेरिकेपेक्षा मोठं. आणि दहा यार्ड पुढे सरकायला कॅनडात तीनच प्रयत्न मिळतात, अमेरिकेत चार. म्हणून कॅनडातल्या खेळात लाथ मारून चेंडू लांब टाकणं जास्त, धावपळही जास्त.

सुरुवातीला तिथले लोक या खेळाला सरळ 'रग्बी'च म्हणायचे. त्यामुळे १९१० साली रिजायनात क्लब निघाला, त्याचं नाव होतं रिजायना रग्बी क्लब.

१९१०: पाच वर्षांच्या प्रांतातला क्लब

सस्कॅचवन हा प्रांतच मुळी १९०५ साली जन्माला आला. रिजायना त्याची राजधानी, लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास. रेल्वे आली, जमिनी वाटल्या गेल्या, युरोपातून आणि पूर्व कॅनडातून माणसं येत होती. गाव नवं, शेजारी नवे, कुणाचं कुणाशी नातं नाही. अशा ठिकाणी क्लब निघतो तेव्हा त्याचा उपयोग फक्त खेळापुरता राहत नाही. 'आपण या गावचे' असं म्हणायला काहीतरी निमित्त लागतं ना, ते मिळतं.

पहिला सामना शेजारच्या मूस जॉ गावाशी झाला. सत्तर किलोमीटरवरचं गाव, पक्कं वैर. रिजायना हरलं, १६–६. पुढे काय वाढून ठेवलंय याची ही सूचनाच होती म्हणायची!

पण जवळपासच्या स्पर्धांत हा संघ लवकरच भारी पडायला लागला. ३० जून १९१२ रोजी रिजायनावर भयंकर चक्रीवादळ आलं. शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला, २८ माणसं मेली. त्याच वर्षी संघाने पश्चिम कॅनडाचं विजेतेपद मिळवलं. या विजेतेपदाचा चषक विनिपेगच्या ह्यूगो रॉस नावाच्या जमीन-व्यावसायिकाच्या नावाचा. हा माणूस त्याच वर्षी एप्रिलमध्ये टायटॅनिकवर गेला होता.

पूर्वेकडची भिंत

आता देशपातळीवर काय चाललं होतं ते बघू. १९०९ साली गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी एक कप दिला, तोच ग्रे कप. पहिल्या सामन्यात टोरांटो विद्यापीठाने पार्कडेल कनू क्लबला २६–६ हरवलं. खरं म्हणजे ग्रेसाहेबांच्या मनात हॉकीसाठी कप द्यायचं होतं, पण तिथे ॲलन कप आधीच आला होता. मग फुटबॉलला दिला.

सुरुवातीची बारा वर्षं या कपात पश्चिमेचा एकही संघ नव्हता. १९२१ साली पहिल्यांदा एडमंटनचा संघ पूर्वेला गेला आणि टोरांटो आर्गोनॉट्सकडून २३–० हरला. १९२३ ला रिजायनाची पाळी आली. समोर किंग्स्टनचं क्वीन्स विद्यापीठ. निकाल, ५४–०. बरोबर वाचलंत. ग्रे कपच्या अंतिम सामन्यात इतक्या मोठ्या फरकाने कुणी आजपर्यंत हरलेलं नाही.

एवढा फरक का? कारणं सरळ आहेत. पूर्वेकडे मोठी शहरं, जुने क्लब, विद्यापीठांचे संघ. पश्चिमेच्या संघाला दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर रेल्वेने कापून जायचं, आणि उतरून परक्या मैदानावर खेळायचं. ग्रे कपचा अंतिम सामना पश्चिमेत पहिल्यांदा झाला तो १९५५ साली, व्हँकुव्हरला. म्हणजे तोवर प्रत्येक अंतिम सामना पूर्वेच्याच अंगणात.

पाच वर्षं, पाच पराभव

१९२४ साली क्लबने 'रिजायना रफरायडर्स' हे नाव घेतलं. रफरायडर म्हणजे अडेल घोड्यांना वठणीवर आणणारा स्वार. माउंटेड पोलीस दलात अशी माणसं असायची, त्यांच्यावरून नाव पडलं असं एक मत आहे. गंमत म्हणजे ओटावाच्या संघाचं नावही 'रफ रायडर्स'च होतं, फक्त दोन शब्दांत लिहिलेलं! पुढे कित्येक वर्षं एकाच देशात या नावाचे दोन संघ खेळले.

मग आला तो प्रसिद्ध, किंवा कुप्रसिद्ध, काळ. प्रशिक्षक अल रिची यांच्या हाताखाली संघ पश्चिमेत कुणाला ऐकत नव्हता. आणि अंतिम सामन्यात बघा:

१९२८, हॅमिल्टनकडून ३०–०.
१९२९, पुन्हा हॅमिल्टनकडून १४–३.
१९३०, टोरांटोच्या बामी बीचकडून ११–६.
१९३१, मॉन्ट्रियलकडून २२–०.
१९३२, परत हॅमिल्टनकडून २५–६.

सलग पाच वर्षं! १९३४ ला सार्नियाकडून २०–१२ अशी हार झाली ती वेगळीच.

पण या पराभवांत एक गोष्ट दडलेली आहे. १९२९ च्या सामन्यात रिजायनाच्या जर्सी जॅक कॅम्पबेलने चेंडू हाताने पुढे फेकला आणि जेरी अर्स्किनने तो झेलला. ग्रे कपच्या इतिहासातला हा पहिला फॉरवर्ड पास. त्याआधी रग्बीसारखा चेंडू मागेच द्यायचा असायचा. अमेरिकेत हा प्रकार रुळला होता, पश्चिम कॅनडाने तो आधी उचलला, पूर्वेकडची मंडळी मात्र साशंक होती. दोनच वर्षांनी, १९३१ ला, तो देशभर मान्य झाला. आणि त्याच वर्षी मॉन्ट्रियलने ग्रे कपमधला पहिला टचडाउन पास टाकला. कुणाविरुद्ध? रिजायनाविरुद्धच. आपण आणलेलं हत्यार आपल्यावरच चाललं.

दुष्काळ आणि खेळ

या तारखा पुन्हा एकदा बघा. १९२९ ते १९३४. महामंदीचा काळ. सस्कॅचवनवर दुहेरी संकट होतं. गव्हाचे भाव कोसळले आणि वर सलग दुष्काळ. माती वाऱ्यावर उडून जात होती. कॅनडात सगळ्यात जास्त फटका याच प्रांताला बसला, माणशी उत्पन्न साधारण ७० टक्क्यांनी घसरलं. लोक शेतं सोडून जात होते.

अशा वेळी फुटबॉलवर कोण पैसे घालवणार? पण क्लब टिकला. मला वाटतं, याचं उत्तर त्या प्रांताच्या स्वभावात सापडतं. १९२४ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सस्कॅचवन व्हीट पूल ही प्रचंड सहकारी संस्था उभी केली, कारण एकट्याने धान्य विकून भाव मिळत नव्हता. 'एकट्याचं भागत नाही, मग मिळून करू' ही सवय अंगवळणी पडलेली. सहकार म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. रफरायडर्सलाही कधी कुणी धनाढ्य मालक नव्हता. क्लब गावाचा, म्हणजे तोटाही गावाचा. मालक कंटाळला तर संघ विकतो किंवा दुसऱ्या शहरात नेतो. गाव कुठे जाणार?

जिंकूनही दार बंद

१९३५ साली पश्चिमेला पहिला ग्रे कप मिळाला, पण तो विनिपेगला. त्यांनी अमेरिकेतून चांगले खेळाडू आणले होते, त्यातल्या फ्रिट्झ हॅन्सनने हॅमिल्टनची दाणादाण उडवली. निकाल १८–१२.

राष्ट्रीय संघटनेने यावर बाहेरच्या खेळाडूंसाठी वास्तव्याचे कडक नियम केले. १९३६ ला पश्चिमेत रिजायना जिंकलं, पण त्यांच्या काही अमेरिकी खेळाडूंवर याच नियमाने हरकत आली. आणि त्या वर्षी अंतिम सामना पूर्वेच्याच दोन संघांत झाला. हरणं एक वेळ पचतं, पण खेळूच न देणं? पूर्व आणि पश्चिम हा सल कॅनडाच्या राजकारणात आजही आहे, आणि त्याची चव या मैदानावरच्या भांडणात लागते.

गावाचा संघ प्रांताचा होतो

दुसऱ्या महायुद्धानंतर तीन बदल झाले. एक, प्रांतातले बाकीचे मोठे संघ मागे पडले आणि रिजायनाचा संघ 'सस्कॅचवन रफरायडर्स' झाला. दोन, १९४७ साली मैदानाला नील 'पिफल्स' टेलर यांचं नाव दिलं. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धातले वैमानिक, एक डोळा गमावलेले, आधी खेळाडू आणि नंतर क्लबचे कार्यकर्ते. सामन्यात त्यांचा काचेचा डोळा निखळून पडला, तो शोधून परत बसवून ते खेळत राहिले अशी आख्यायिका आहे. आणि तीन, १९४८ साली लाल-काळा रंग जाऊन हिरवा-पांढरा आला. यामागे काही मोठा विचार होता का? छे! क्लबचा एक पदाधिकारी शिकागोला गेला होता, तिथे हिरव्या-पांढऱ्या जर्सी स्वस्तात मिळाल्या, असं सांगतात. आज ज्या रंगासाठी लोक कलिंगड डोक्यावर घालतात, तो असा सवलतीत आलेला.

१९५१ ला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. ओटावाकडून, २१–१४.

१९६३ साली याच ओटावाने आपला एक क्वार्टरबॅक नकोसा झाला म्हणून सस्कॅचवनला ५०० डॉलरला विकला. त्याचं नाव रॉन लँकेस्टर. २६ नोव्हेंबर १९६६, व्हँकुव्हर, समोर ओटावाच. लँकेस्टरने तीन टचडाउन पास टाकले, जॉर्ज रीडने धावून एक टचडाउन केला. २९–१४. नवव्या अंतिम सामन्यात पहिला कप.

क्लब आजही समाजाच्या मालकीचा आहे. त्याचे शेअर लोकांनी घेतलेत, पण त्यांवर लाभांश मिळत नाही, कधी मिळणारही नाही. घेणाऱ्याला हे माहीत असतं. त्याला नफा नको असतो, त्यात आपलं नाव हवं असतं. आठ पराभव पचवायची ताकद यातूनच आली, असं माझं मत. तुमचं वेगळं असेल तर जरूर कळवा.