जर्मन यांत्रिक पायदळाची प्लाटून व तोब्रुक येथील मराठा बटालियन

दुसऱ्या महायुद्धातील पायदळाचा विचार करताना सामान्यतः सैनिकांची संख्या व त्यांचे शौर्य यांवरच भर दिला जातो. परंतु प्लाटूनमधील माणसे कोणत्या शस्त्राभोवती बांधलेली आहेत, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज रणांगणावरील यशापयशाची मीमांसा पुरी होत नाही. जर्मन यांत्रिक पायदळ हे या दृष्टीने अभ्यसनीय उदाहरण होय. आणि मराठी सैनिकांनी त्याचा आघात प्रत्यक्ष सोसलेला असल्यामुळे येथील अभ्यासकांस ते दूरचेही नाही.

रणगाड्यांबरोबर चालणाऱ्या या पायदळास जुलै १९४२ मध्ये ‘पान्झरग्रेनेडियर’ हे नाव मिळाले. त्याच्या चिलखती प्लाटूनमध्ये तीन तुकड्या व एक मुख्यालय असे. प्रत्येक तुकडीत चालकासह सुमारे १२ माणसे असून ती पुढे चाके व मागे लोखंडी पट्टे असलेल्या २५१ क्रमांकाच्या गाडीतून जात. प्लाटूनप्रमुखाच्या गाडीवर बहुधा ३७ मिलिमीटरची तोफ बसविलेली असे. तुकडीजवळ खाली उतरवून नेता येणाऱ्या दोन मशीनगनी व गाडीवर एक, अशा तीन मशीनगनी असत. म्हणजे तीन तुकड्यांच्या मिळून नऊ. तत्कालीन ब्रिटिश व भारतीय प्लाटूनमध्ये प्रत्येक तुकडीस एक याप्रमाणे तीन ब्रेनगनी होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर स्पष्ट होते.

हे अंतर केवळ संख्येचे नव्हते. ‘एम्. जी. ३४’ ही पट्ट्यावर चालणारी मशीनगन मिनिटास ८०० ते ९०० गोळ्या झाडी, तर १९४२ पासून वापरात आलेली ‘एम्. जी. ४२’ सुमारे १,२००. ब्रेनगनचा वेग सुमारे ५०० असून तिला ३० गोळ्यांची पेटी वारंवार बदलावी लागे. जर्मन तुकडीतील बंदूकधारी पाच गोळ्यांची साधी रायफल बाळगीत. त्यांचे मुख्य काम मशीनगनचे रक्षण करणे व तिला दारूगोळा पुरविणे हे होते. तुकडीचा मारा मशीनगन करी. गाडी तिला इष्ट स्थळी पोहोचवी. गाडीचे पातळ चिलखत बंदुकीच्या गोळ्या व तोफगोळ्यांचे तुकडे अडवी. रणगाडाविरोधी तोफेपुढे ते निरुपयोगी ठरे. शिवाय अशा गाड्या मोजक्या बटालियनांनाच मिळत. उरलेले यांत्रिक पायदळ ट्रकमधूनच प्रवास करी.

२० जून १९४२ रोजी तोब्रुकच्या आग्नेय कोपऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन उभी होती. ती ११ व्या भारतीय ब्रिगेडचा भाग होती. सकाळी तिच्या आघाडीवर प्रथम विमानांतून बाँबवर्षाव झाला. त्यामागोमाग तोफांच्या आच्छादनाखाली जर्मन पायदळ व अभियंते पुढे आले. सुरुंगांतून वाट काढून व रणगाडाविरोधी खंदकावर पूल टाकून त्यांनी मार्ग मोकळा केला, आणि त्या मार्गाने रणगाडे आत शिरले. प्रतिहल्ला वेळेवर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तोब्रुक शरण गेले व सुमारे ३३,००० सैनिक बंदी झाले. येथे एका बटालियनवर विमाने, तोफा, अभियंते, पायदळ व रणगाडे यांचा संयुक्त आघात झाला होता. त्या पराभवास भेकडपणा म्हणणे अन्यायाचे आहे. उलट, तो केवळ दुर्दैवाचा भाग मानणे अज्ञानाचे ठरेल.

इटलीतील डोंगराळ प्रदेशात गाड्यांचा उपयोग मर्यादित झाला, तरी जर्मन संरक्षणाचा कणा मशीनगनच राहिली. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज सर्व माणसे जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्याने ठार वा जखमी झाली. घाडगे यांनी एकट्याने ते ठाणे जिंकले व तेथेच प्राण ठेवला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक मशीनगन म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट प्रमाण शोधावयास नको.

पुढे भारतीय सेनेनेही १९७९ मध्ये यांत्रिक पायदळाची स्वतंत्र रेजिमेंट उभारली. तिचे केंद्र अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे आहे. तथापि प्लाटूनच्या तक्त्यात न दिसणारा एक घटक राहतोच. मिनिटास ८०० या वेगाने नऊ मशीनगनींना, कागदी हिशेबाने, मिनिटास ७,२०० गोळ्या लागतील. नळी तापत असल्यामुळे प्रत्यक्ष खर्च पुष्कळ कमी होई; तरीही मारा जितका वेगवान, तितकी दारूची मागणी अधिक. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथे स्फोटके व प्रक्षेपक दारू तयार करणारा कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटात कामगारांचे प्राण गेले. सैन्याच्या मारकशक्तीचे मोजमाप करताना रणांगणावरील माणसांप्रमाणे ती शक्ती घडविणाऱ्या माणसांचीही गणना व्हावयास हवी. तेव्हाच तो हिशेब पुरा म्हणता येईल.