एक काजू, दोन किनारे
मालवण ते शिवोली : मासळी, कोकम आणि हुर्राकच्या वाटेनं

तेरेखोलच्या खाडीच्या दोन्ही अंगांना काजू तोच, जांभा दगड तोच आणि बांगडाही त्याच दर्यातला. फरक पडतो तो बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, नशिबात. सिंधुदुर्गात बी काढून घेतली की बरेचसे बोंडू झाडाखालीच कुजतात. गोव्यात त्याच बोंडूची हुर्राक होते, फेणी होते आणि सरकार तिला वारसा म्हणून मिरवतं. मालवणहून किनाऱ्यालगत निघून वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करत खाडी ओलांडायची आणि केरी, हरमलवरून शिवोली गाठायची, असा हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता. गाडीनं एका दिवसात उरकतो. पण खायला-प्यायला निघालेल्यानं दोन मुक्काम तरी धरावेत.

मालवणात बहुतेकांची पावलं आधी १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीकडे वळतात. किल्ला पाहावाच, पण संध्याकाळी मासळीचा लिलाव चुकवू नये. होड्यांतून उतरलेली मासळी वाळूवर ओतली जाते, भोवती कोंडाळं जमतं, बोली भराभर चढते आणि तुम्हाला आकडा कळेपर्यंत ढीग उचललेला असतो. इथल्या बायका मासा कसा पारखतात ते बघून ठेवावं. गलफड उचकून आत लाल आहे ना, डोळा वर आलेला आहे ना, पोटाला बोट दाबल्यावर खळगा राहत नाही ना, एवढी तपासणी झाल्याशिवाय भावाची भाषा सुरू होत नाही.

पापलेट-सुरमई मुंबईतही मिळते. मालवणात बांगड्याचं किंवा तारल्यांचं तिखलं मागावं. त्यात पडणारं तिरफळ हे या किनाऱ्याचं खास. आतली काळी बी टाकून फक्त टरफल ठेचून घालतात. जिभेला किंचित मुंग्या येतात आणि तेलकट माशाचा उग्रपणा निघून जातो. सोबत सोलकढी हवीच. चांगली सोलकढी ओळखायची तर ती आगळाची आहे का ते विचारावं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून टिकवलेला रस. तो नारळाच्या दुधात पडला की आंबटपणा आणि रंग दोन्ही नीट उतरतात. सकाळच्या न्याहारीला घावणे किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार असेल, तर कोंबडी-वड्यांची घाई दुपारपर्यंत थांबवावी.

वाइनवाल्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कोकणच्या पावसात द्राक्ष टिकत नाही, त्यामुळे हॉटेलातली वाइन बहुधा नाशिककडची. तळलेल्या सुरमईबरोबर थंडगार शेनिन ब्लां छान जमते. तिरफळाच्या तिखल्यापुढे मात्र तिचा निभाव लागत नाही, तिथे सोलकढीच.

नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडली की परुळे, म्हापणमार्गे रस्ता वेंगुर्ल्याला येतो. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. खवय्यांच्या दृष्टीनं जास्त मोलाचं आहे ते १९५७ सालचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र. ‘वेंगुर्ला ४’ आणि ‘वेंगुर्ला ७’ या काजूच्या नामवंत जाती इथल्याच. नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला ‘रत्ना’ आंबाही इथलाच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर बाजारात ओले काजूगर शोधा. हिरवी बी चिरून आतला गर अखंड काढणं हे चिकाटीचं काम आहे. टरफलातला चीक कातडी जाळतो, म्हणून बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात, तरी बोटं काळी होतातच. गर किलोवर नव्हे, शेकड्यावर विकले जातात, आणि ती बोटं पाहिल्यावर घासाघीस करायची इच्छा राहत नाही. ओल्या काजूंची उसळ खाल्ली की भाजलेला काजू हा निराळाच पदार्थ वाटू लागतो.

पुढे आरवलीचा वेतोबा. नवसाला त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. लगेच शिरोडा. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं हे गाव, वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिक्षक होते. मिठागरांकडे नजर टाकून रेडीमार्गे तेरेखोलच्या किल्ल्यावर यावं. किल्ला खाडीच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला, पण हद्द गोव्याची. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. खालच्या धक्क्यावरून फेरीबोट पलीकडे केरीला नेते. ती बंद असली तर आरोंदा-किरणपाणीच्या पुलानं वळसा घ्यावा.

केरीला उतरलात की पेडणे तालुका, आणि इथे मार्च ते मे हा हुर्राकचा हंगाम. गळून पडलेला पिकला बोंडूच घ्यायचा, झाडावरचा तोडायचा नाही, हा भट्टीवाल्यांचा दंडक. बी पिळून वेगळी केली की बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडात कोरलेल्या उथळ खड्ड्यात, पायांनी तुडवतात. आता अनेक ठिकाणी यंत्र आलं आहे. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून वर वजन ठेवलं की जो रस ठिबकतो तो नीरो. तो ताजाच पितात. तुडवून निघालेला रस वरून काहीही न घालता आपोआप आंबतो आणि मग भट्टीवर चढतो. पहिल्या धारेची हुर्राक सौम्य. ती आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की कडक फेणी. फेणी वर्षानुवर्षं टिकते. हुर्राक टिकत नाही, म्हणून ती हंगामात, भट्टीच्या आसपासच प्यावी. सोडा, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची हा तिचा रिवाज. समोर तळलेली मासळी आणि माडाच्या सुरेचा शिरका घातलेला रेशाद मसाला असला की जेवण जमलं.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोव्यानं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. खाडीच्या अलीकडे संशोधन केंद्र आहे, बागा आहेत, पर्यटकही आहेत. पण गोव्यासारखी उघड, परवान्याची भट्टी रुजली नाही. बागायतदाराला बीचा भाव पडला की दुसरा आधार राहत नाही, आणि बोंडूचे पैसे मातीत जातात. दोन्ही काठांवर जेवून आलेल्याला ही तफावत आकडेवारीशिवायही कळते.

निघण्यापूर्वी : जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची आशा धरू नये. ओले काजूगर, बोंडू आणि हुर्राक एकाच फेरीत हवी असतील तर मार्च गाठावा. मेमध्ये मानकुराद आंबा मिळेल, पण उकाडा सोसावा लागेल. गाडी चालवणाऱ्यानं भट्टीवर नुसता वास घ्यावा. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. फेणीच्या बाटल्या डिकीत घालून बिनपरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. आणायचंच असेल तर वेंगुर्ल्याचे काजू आणि आगळाची बाटली आणा. त्यांना कुठलाच नाका अडवत नाही.