तंद्री आणि मनातले मांडे

संस्कृतातली तंद्रा म्हणजे गुंगी, पेंग. मराठीतली तंद्री मात्र टक्क जागेपणीही लागते. दूध उतू जाते तेव्हा माणूस पुष्कळदा गॅससमोरच उभा असतो. डोळे पातेल्यावर असतात, साय फुगताना दिसतही असते; मन मात्र कालच्या भांडणात द्यायचे राहून गेलेले उत्तर जुळवत असते. वाचतानाही हेच घडते. नजर ओळीमागून ओळ सरकते, पान उलटले जाते आणि मग लक्षात येते की डोक्यात काहीच शिरलेले नाही.

मनोराज्य हा तंद्रीचाच हौशी प्रकार; त्यालाच मनातले मांडे खाणे म्हणतात. मांडे करणे कौशल्याचे काम. पुरी हातावर फिरवत पातळ करायची आणि उपड्या खापरावर भाजायची. मनातले मांडे त्या मानाने फारच स्वस्त पडतात.

हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2,250 प्रौढांना मोबाइलवरून दिवसात अवचित गाठून विचारले, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. भरकटलेल्या मनाची माणसे त्या क्षणी कमी सुखी असल्याचेही दिसले. सुखद विचारांत रमलेलेसुद्धा कामात गुंतलेल्यांपेक्षा जास्त खूश नव्हते.

एवढ्यावरून तंद्रीला आळस ठरवणे घाईचे होईल. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण ऊर्जा तो सुमारे 20 टक्के खातो. आणि माणूस स्वस्थ बसला तरी हा खर्च फारसा उतरत नाही. अमेरिकेतले मार्कस राइकल यांनी 2001 मध्ये दाखवले की मेंदूचे काही भाग काम हाती घेतले की मंदावतात आणि हात रिकामे झाले की पुन्हा जोर धरतात. या भागांच्या जाळ्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, 'लोक मला काय म्हणत असतील' असले विचार, म्हणजे नेमका तंद्रीतला ऐवज, याच जाळ्याशी जोडलेले आढळतात.

मानसशास्त्रज्ञ जेरोम सिंगर यांनी दिवास्वप्नांचा अभ्यास कित्येक दशके केला. बेत आखणारी, खेळकर कल्पनांची दिवास्वप्ने एका बाजूला. अपराधाची, अपयशाची भीती उगाळणारी दुसऱ्या बाजूला. लक्ष कशावरच न टिकणे हा त्यांनी तिसरा प्रकार मानला. उतू गेलेल्या दुधाचा हिशेब बहुधा या तिसऱ्यात मांडावा लागेल, पण भांडण मनात घोळत असेल तर दुसऱ्यातही.

काही थोड्या जणांना मात्र मनोराज्यातून बाहेर पडणेच जड जाते. तासन्‌तास एकच कथा मनात पुढे सरकत राहते. बरेच जण त्यासाठी गाणी लावून येरझाऱ्या घालतात आणि अभ्यास, नोकरी, झोप मागे पडते. इस्रायलचे एली सोमर यांनी 2002 मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. हे लोक कल्पना आणि वास्तव यांत गल्लत करत नाहीत. त्यांना फक्त थांबता येत नाही. मानसविकारांच्या अधिकृत याद्यांत या अवस्थेला अजून स्वतंत्र जागा मिळालेली नाही.