काटा सांगत नाही ते

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

वरून सडपातळ, आतून चरबी, ही अनेक भारतीयांची ठेवण. पोटातल्या या चरबीमुळे शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि फारसं वजन नसतानाही मधुमेह जडतो. वजनकाट्यावर विसंबलेल्या माणसाला त्याचा पत्ता बऱ्याचदा उशिरा लागतो.

मेंदूला हे महागात पडतं. त्याचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण स्वस्थ बसल्यावरही सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो आणि त्यासाठी रक्तपुरवठा अखंड लागतो. वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर आणि रक्तदाब त्याच्या बारीक रक्तवाहिन्याच खराब करतात. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण टाळता येण्याजोगे १४ घटक सांगितले. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं हे त्यातलेच. सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे.

उपचारांचा अनुभव मात्र सरसकट सारखा नाही. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत ९,३०० हून अधिक लोक होते. रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्या गटात स्मरण व विचारशक्तीत सौम्य घट होण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळलं. उलट ‘अकॉर्ड माइंड’ या दुसऱ्या चाचणीत मधुमेहींची साखर औषधांनी कसून खाली आणली, तरी बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. साखर वाढण्याआधीच तिला आवर घालणं म्हणूनच फार महत्त्वाचं.

मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, झोपेचा अंदाज देतं. चालायची सवय लागायला ते चांगलंच. पण चाळिशी ओलांडलेल्या घरात दंडाला पट्टा बांधायचं बीपी मशीन आधी यायला हवं. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं, हात छातीच्या पातळीला टेकवायचा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. दोन्ही आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचे. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे गेली असेल, तर वजन कितीही कमी असो, एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्यावी.