सबब काय सांगायची?

वाचकहो, आपल्या मराठीतला ‘सबब’ हा शब्द मोठा दुतोंडी आहे. अलिबागच्या किंवा मुंबईच्या कोर्टाचे कागद ज्यांनी हाताळले असतील त्यांना ठाऊक आहे, तिथे ‘सबब अर्ज मंजूर करण्यात येत आहे’ असं लिहितात. म्हणजे ‘म्हणून’, ‘या कारणास्तव’. घरी मात्र तोच शब्द आईच्या तोंडून ‘सबबी सांगू नकोस’ असा पाठीत बसतो. मूळ शब्द अरबी, आणि अरबीत त्याचा अर्थ सरळ ‘कारण’. आपल्याकडे येईपर्यंत बिचाऱ्याची अब्रू गेली. हिब्रूतल्या ‘तेरुत्स’चं तेच झालं. गमारात ‘कुश्या’ म्हणजे अडचण आणि ‘तेरुत्स’ म्हणजे तिचा उलगडा, विद्वानांचं काम. आज इस्राएलात कुणी ‘एन तेरुत्सिम’ म्हणालं की समजावं, आपली थाप पकडली गेली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ. आता ते लोदला असतात, पण 2009 ते 2016 ते रास अल खैमाला एका कारखान्यात नोकरीला होते. भारतीय पासपोर्ट, कोकणी आडनाव. कुणी धर्म विचारला नाही आणि त्यांनी सांगितला नाही. शब्बाथचा प्रश्नच नव्हता. तिथल्या तेव्हाच्या कामगार कायद्यात सुट्टी शुक्रवारची, शनिवारी पाळी भरायचीच. आपले पूर्वज शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, आणि गावात कुणी ‘का बंद?’ असं विचारत नसे. इथे मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं की वर्षातला एकच दिवस सोडायचा नाही, दरफाळणीचा.

जुन्या लोकांना सांगायला नको, पण मुलांसाठी लिहितो. योम किप्पूरला आपल्याकडे दरफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची, उपास धरायचा, बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. सगळ्या गावाला ते माहीत असे. म्हणजे कोकणात दार लावायला सबब लागत नसे. रास अल खैमाच्या खोलीत चार जण राहत, आणि रजेच्या फॉर्मवर ‘रीझन’ असा एक रकाना होता.

त्या रकान्याने त्यांना बरंच इंग्रजी शिकवलं. एका वर्षी ‘फूड पॉयझनिंग’, एका वर्षी ‘व्हायरल’, एकदा तर ‘अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस’ (हा शब्दप्रयोग हिंदुस्थानी ऑफिसांनीच जिवंत ठेवला आहे असं आमचं मत). इंग्रजीत या बाबतीत दारिद्र्य नाही. ‘एक्स्क्यूज’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये आरोपातून बाहेर काढणं, ‘प्रीटेक्स्ट’ म्हणजे पुढे विणलेला पडदा, ‘अलिबी’ म्हणजे नुसतं ‘दुसरीकडे’. पण रकान्यात काहीही लिहिलं तरी क्लिनिकची चिठ्ठी आणावी लागे, तिचे पैसे वेगळे.

खरा त्रास कारखान्याचा नव्हताच. खोलीतला मलप्पुरमचा एक मुसलमान सोबती फार मायाळू होता. पोट बिघडलंय म्हटल्यावर तो पेज करून आणायचा, लिंबूपाणी आणायचा. यांनी ते नाकारायचं, आणि नाकारायला दुसरी सबब शोधायची. ज्या दिवशी वर्षभराच्या खोट्याची माफी मागायची, त्याच दिवशी सकाळपासून खोटं बोलायचं! ‘उपाशी पोटापेक्षा ते जड जायचं,’ असं ते आम्हाला म्हणाले.

2012 च्या सुरुवातीला नॉर्वेची डी.एन.ओ. ही तेलकंपनी आणि रास अल खैमाची आर.ए.के. पेट्रोलियम यांचा मोठा व्यवहार झाला होता. त्याच सुमारास करक चहाच्या टपरीवर यांची एका नॉर्वेजियन माणसाशी ओळख झाली. क्लिनिकच्या चिठ्ठीची रड ऐकून तो चकित झाला. त्यांच्याकडे ‘एगेनमेल्डिंग’ असतं म्हणे, आपणच दिलेली वर्दी. तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टर लागत नाही, माणसाच्या शब्दावर भागतं. मग साहजिकच यांनी विचारलं, तुमच्यात सबबीला शब्द तरी आहे का? होते, भरपूर होते! ‘उनशिल्निंग’, यात ‘शिल्ड’ म्हणजे दोष, आणि तो झटकायचा. गंमत म्हणजे माफी मागण्यालाही हाच शब्द. ‘बोर्टफोर्क्लारिंग’, म्हणजे स्पष्टीकरण देऊन देऊन गोष्ट नाहीशी करणं, आपली सारवासारव. आणि ‘उटफ्लुक्ट’, ज्याचा एरवीचा अर्थ सहल! उडवाउडवीची उत्तरं देणारा माणूस त्यांच्या भाषेत सहलीला निघतो. चिठ्ठी न मागणाऱ्या देशात इतके शब्द कशाला लागले, ते आम्हाला उमगलेलं नाही.

आमच्या गृहस्थांना त्यातला पहिला शब्द सगळ्यांत जवळचा वाटला. त्यांचं दोन्ही एकाच दिवशी चालू होतं ना, सबबही आणि माफीही.

मग 2014 आलं. त्या साली योम किप्पूर 4 ऑक्टोबरला, आणि त्याच दिवशी बकरी ईद. अख्खं रास अल खैमा सुट्टीवर, रकाना भरायची गरज नाही. पण सकाळीच सोबत्याने बिर्याणीचं ताट पुढे केलं आणि हे पुन्हा पोट धरून बसले. ताट झाकून ठेवलं, चांदण्या दिसल्यावर खाल्लं. पुढच्या वर्षी तर योम किप्पूर अरफाच्या दिवशी आला, 23 सप्टेंबर 2015. त्या दिवशी सोबत्याचाही रोजा. एका खोलीत दोघं उपाशी. त्या दिवशी पेज आली नाही, लिंबूपाणी आलं नाही, आणि सात वर्षांत पहिल्यांदा सबब सांगावी लागली नाही. संध्याकाळी सोबत्याने दोन खजूर यांच्यासमोर ठेवले, काही बोलला नाही. यांनी थोडं थांबून, आपली वेळ झाल्यावर खाल्ले.

सप्टेंबर 2020 मध्ये इस्राएल आणि अमिरातींचा करार झाला, तेव्हा यांनी लोदहून मलप्पुरमला फोन लावला. सोबती नोकरी सोडून गावी परतला होता. इतकी वर्षं तुझ्याशी खोटं बोललो, असं म्हणून यांनी सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. तो म्हणाला, ‘भाई, वर्षातून एकदाच पोट बिघडतं, दिवसभर एकदाही संडासला जात नाही, आणि रात्री बिर्याणी खातो. मला काय कळत नव्हतं?’

मग पेज का आणायचास, असं यांनी विचारलं.

‘इतर दोघांना कळू नये म्हणून.’