विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडातील वीज आणि उष्टे

अमडापुरातील कितीतरी घरांतील मुलेमुली आज शिक्षणासाठी बाहेर राहतात. कोणी चिखलीस, कोणी बुलढाण्यास, कोणी शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, तर कोणी थेट पुण्यास. वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच; नाही तर तिघे-चौघे मिळून खोली करून राहतात. अशा पाच-सहा खोल्यांची इमारत म्हणजे वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची एक वसाहतच होय. सोयाबीन विकून बाप जे पैसे पाठवितो, त्यांत खोलीभाडे आणि खाणावळ यांचा हिशेब धरलेला असतो. जळालेली वीज आणि टाकलेले अन्न मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. या दोन बेहिशेबी बाबींविषयी येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम विजेचे पाहू. महावितरणचा घरगुती दर पायरीपायरीने चढतो. पहिल्या १०० युनिटांना कमी दर, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याहून बराच अधिक, आणि त्यापुढे आणखी अधिक. आता समजा, चार खोल्या मिळून घरमालकाचा एकच मीटर आहे आणि प्रत्येक खोली महिन्यास ९० युनिटे वापरते. चारही खोल्यांना वेगळे मीटर असते तर सर्व वीज पहिल्याच दराने मिळाली असती. एका मीटरवर तीच ३६० युनिटे तिसऱ्या पायरीवर जाऊन पोहोचतात. वीज तेवढीच, दाम मात्र वाढले! स्वतंत्र मीटरला प्रत्येकी स्थिर आकार पडतो, हे खरे. तेव्हा दोन्हींची बेरीज करूनच निर्णय घ्यावा. खोलीखोलीत साधा सब-मीटर बसविल्याने दराची पायरी उतरत नाही. पण कोणी किती वापरली, हे तरी दिसू लागते. बिल सारखे वाटून घेण्याची रीत असेल, तर दिवा मालवणाऱ्यास आणि रात्रंदिवस पंखा चालू ठेवणाऱ्यास एकच शिक्षा होते, आणि मग मालवणाराही मालवेनासा होतो.

मागे अशा एका खोलीवर आम्ही गेलो असता भिंतीवर सूचना लावलेली पाहिली : मोबाइलचा चार्जर काढून ठेवावा. सूचना चांगलीच, पण त्याच वेळी शेजारच्या न्हाणीघरात बादलीत रॉड सोडलेला होता, आणि रॉड लावणारे चिरंजीव खाली चहाला गेले होते. या दोहोंचे प्रमाण पाहा. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. मोबाइल एकदा पूर्ण भरण्यास सुमारे २५ वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटात तो चाळीस वेळा भरतो. दीड हजार वॉटचा रॉड मात्र वीस मिनिटांत अर्धे युनिट घेतो. म्हणजे एका आंघोळीत मोबाइलची वीस वेळची भूक! आपल्याकडे दगडी कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करावयास सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पारस येथे, २५० मेगावॉटचे दोन संच हेच काम करीत असतात. बादलीभर ऊन पाण्यामागे तेथे पावशेराहून अधिक कोळसा खर्ची पडतो. आणि छपरावर, सौरबंबाविना, आमचे वऱ्हाडी ऊन फुकट तापत असते.

उन्हाळ्यात कूलरची तऱ्हा याहून गमतीची. कूलर हवा थंड करतो तो पाण्याची वाफ करून. वाफ होण्यास लागणारी उष्णता पाणी हवेतूनच ओढून घेते, म्हणून हवा निवते. परंतु खोलीची दारे-खिडक्या लावून घेतल्या की दमट हवेला बाहेर पडावयास वाट राहत नाही. हवा ओलाव्याने भरली की पाण्याची वाफ होणे मंदावते, आणि कूलर नुसता पंखा होऊन बसतो. मुले घामाघूम होऊन त्याचा वेग वाढवितात! समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवणे, एवढाच याला उपाय आहे. पंख्यांचेही असेच. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी जातीचा ३० च्या आसपास. पण पंखा घरमालकाने आणावयाचा आणि बिल भाडेकरूने भरावयाचे, असे असल्यावर नवा पंखा आणतो कोण?

कचऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. वह्यांचे कागद, पुठ्ठा, बाटल्या यांना भाव असतो. परंतु त्यांवर वरणाचा ओघळ आला की कागदाची रद्दी राहत नाही, घाण होते. पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे २००८ साली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. आमच्या मुलांनी डब्यात एकत्र कोंबलेले तेथील भगिनींना हाताने निवडावे लागते, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहावे.

आता उष्टे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यातील मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तेथील ताटात भात उरला असेल, असे आम्हांस वाटत नाही. आजच्या साठ जणांच्या खाणावळीत प्रत्येकाने १०० ग्रॅम टाकले, तर रोजचे सहा किलो होते. त्यात दोन-तृतीयांश पाणी धरले तरी दोन किलो कोरडा ऐवज राहतो.

पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी अशाच ऐवजावर चालणारे छोटे गॅस-संयंत्र तयार केले. २००६ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एकीत दुसरी उपडी घातलेली. आत गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते. शेण हे गाईने एकदा पचवून टाकलेले अन्न, म्हणून त्यातून गॅस थोडा आणि सावकाश निघतो. पीठ-भात न पचलेले. जिवाणू ते झपाट्याने खातात. संस्थेच्या हिशेबाने दोन किलो पिष्टमय पदार्थातून सुमारे ५०० ग्रॅम मिथेन मिळतो. महिन्याचा पंधरा किलो झाला. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि किलोमागे मिथेनची उष्णता त्याहून कमी नाही. सालपटे, देठ आणि थंडी यांमुळे प्रत्यक्षात निम्मेच हाती आले, तरी दोन महिन्यांत एक सिलिंडर सुटतो. मात्र याला नफा म्हणू नये. तो भात पिकविण्यास आणि शिजविण्यास जे लागले, त्यातले थोडेसे परत आले, इतकेच. ताटात कमी वाढून घेणारा मुलगा या संयंत्रापेक्षा अधिक वाचवितो.

आणखी एक अडचण विद्यार्थ्यांच्या वसाहतीचीच आहे. दिवाळीची सुटी लागली की मुले गावी येतात आणि टाकीतील जिवाणू उपाशी राहतात. महिनाभर उपास घडला की गॅस पूर्ववत सुरू होण्यास दिवस जातात. म्हणून मागे राहणाऱ्या एखाद्याकडे किल्ली द्यावी, आणि किडलेल्या धान्याचे थोडे पीठ रोज पाण्यात कालवून टाकीत ओतावयास सांगून मगच एस.टी. धरावी.